आजचा विद्यार्थी, त्याची संस्कृती आणि आपले काम

(विद्यार्थी आघाडीवर काम करणाऱ्या मराठीभाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेले व्याख्यान, किंचित संक्षिप्त करून)

या शिबिरासाठी आपण बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद येथून आणि महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांतून आला आहात. येण्यापूर्वी आपण पाठविलेले कामाचे अहवाल मी लक्षपूर्वक वाचले. परिस्थिती निरनिराळी आहे, प्रश्न निरनिराळे आहेत. परंतु एक वाक्य जवळजवळ प्रत्येक अहवालात आढळते. ते असे : आजचा विद्यार्थी मोबाईलमध्ये गुंतून पडला आहे, त्यामुळे तो चळवळीकडे वळत नाही.

हे वाक्य मला नवीन नाही. माझ्या विद्यार्थिदशेत ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या तोंडून मी ते दूरदर्शन आणि व्हिडिओ यांच्यासंबंधी ऐकले होते. त्यांनी आपल्या ज्येष्ठांकडून ते सिनेमासंबंधी ऐकले असणार. साधन बदलते, तक्रार तीच राहते. परंतु विश्लेषणाच्या जागी तक्रार आणून बसविणे मार्क्सवाद्याला शोभत नाही. विद्यार्थी दिवसातील कित्येक तास जेथे घालवितो तेथे तो कशासाठी जातो, तेथे काय करतो, त्याच्या त्या वेळेवर कोणाचा नफा उभा राहतो, हे आपण पाहिले आहे काय? पाहिले नसेल, तर तो आपल्याकडे येत नाही असे म्हणण्यापूर्वी आपण त्याच्याकडे गेलेलो नाही हे मान्य करावे लागेल.

एक फसलेला अभ्यासवर्ग

प्रारंभ आत्मटीकेने करतो. २०२२ साली मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी आम्ही अभ्यासवर्ग ठेवला होता. विषय होता शिक्षणाचे खाजगीकरण. नोटीस लावली, पत्रके वाटली. चार विद्यार्थी आले. त्यांतील दोघे आमचेच कार्यकर्ते होते. वर्ग आटोपून निघालो तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवरून आवाज येत होता म्हणून वर गेलो. तीस-चाळीस मुले एका मुलाभोवती कोंडाळे करून बसली होती. तो ऊसतोड कामगाराचा मुलगा होता. मोबाईलवर ताल लावून तो स्वतः रचलेले रॅप म्हणत होता. मेसमधील पाणचट वरण, परत न मिळणारे डिपॉझिट, दोन वर्षे अडकलेली शिष्यवृत्ती, तोडीवर गेलेल्या आईबापांना न लागणारा फोन, असे सारे त्यात होते. त्याची चित्रफीत गावातील तिन्ही वसतिगृहांत आधीच पोहोचली होती. ज्या मागण्या मला दीड तासाच्या भाषणात नीट मांडता आल्या नव्हत्या त्या त्याने तीन मिनिटांत मांडल्या, आणि सारी मुले त्या त्याच्यामागून म्हणत होती.

यावर आम्ही काय केले? पुढच्या सभेच्या आरंभी गाण्यासाठी त्याला बोलावले. तो आला, गायला, गर्दी जमली. त्यानंतर आमच्यापैकी तिघेजण दीड तास बोलले. तो कोपऱ्यात बसून राहिला. पुन्हा तो आला नाही. गर्दी जमविण्यासाठी डफ बडवावा तसा आम्ही त्याचा उपयोग केला. शाहीर म्हणून आम्ही त्याला ओळखलेच नाही.

काही महिन्यांनी मेसचे दर वाढले. मुलांनी एकमेकांना संदेश पाठवून एका रात्रीत बहिष्कार पुकारला. पहिल्या दिवशी एकाही मुलाने ताट घेतले नाही. दुसऱ्या दिवशी घरोघर पालकांना फोन गेले आणि वसतिगृहातून काढून टाकण्याची धमकी देण्यात आली. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिष्कार मोडला. दरवाढ कायम राहिली, आणि तीन मुले त्या वर्षी शिक्षण सोडून गेली. त्या मुलांजवळ वाटाघाटी करणारी समिती नव्हती, पालकांना जाऊन भेटणारे कोणी नव्हते, चार दिवस बाहेर जेवण्यापुरता निधी नव्हता. यांपैकी बरेच काही आम्हांला उभे करता आले असते. पण बहिष्काराची बातमी आम्हांला कळली ती तो मोडल्यानंतर. आवाज त्यांच्यापाशी होता, संघटनेचा अनुभव आमच्यापाशी होता. या दोहोंची गाठ पडली नाही, आणि त्याची किंमत त्या तीन मुलांनी मोजली. ही गाठ कशी पडेल, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

लालबावटा कलापथकाचा धडा

या बाबतीत आपल्या चळवळीला परंपरा नाही असे नव्हे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गाचे तमाशाविषयीचे मत काय होते हे आपणांस ठाऊक आहे. तमाशा म्हणजे अश्लील, गावंढळ, हलक्या जातींचा खेळ. आज रॅप, रील किंवा मीम यांच्याविषयी आपल्या बैठकांतून जे ऐकू येते त्याचा सूर याहून फारसा निराळा नाही.

अण्णाभाऊंनी तमाशा हे आमिष म्हणून वापरले नाही. वाटेगावाहून मुंबईत आलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, गिरणीत राबलेला हा माणूस स्वतःच्या माणसांशी स्वतःच्या कलेतून बोलत होता. तथापि ती कला त्यांनी जशीच्या तशी ठेवली नाही, ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गणातील देवाच्या स्तवनाऐवजी त्यांनी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले. गौळण वगळली. वगामध्ये राजाराणीच्या जागी सावकार, मालक आणि मजूर उभे केले. जनतेच्या कलाप्रकाराचा आदर आणि त्यातील प्रतिगामी आशयाशी झुंज ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांचा आवाज गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचू शकला.

हीच प्रक्रिया आज नव्या रूपात इतरत्रही दिसते. उत्तर चेन्नईच्या दलित आणि श्रमिक वस्त्यांत अंत्ययात्रेच्या वेळी गायिले जाणारे ‘गाना’ हे संगीत असेच तिरस्कृत होते. चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या वाद्यवृंदाने जानेवारी २०१८ मध्ये ते रॅप आणि रॉक यांच्याबरोबर व्यासपीठावर आणले आणि त्यातून जातिव्यवस्था, आरक्षण यांसारखे प्रश्न मांडले. ते ऐकण्यासाठी जमलेला तरुण आपल्या पत्रकाची वाट पाहत थांबलेला नव्हता.

राज्यसंस्थेला मात्र या गोष्टीची जाण आपल्याहून लवकर येते. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन तरुण मराठी रॅप गायकांवर त्यांच्या राजकीय गीतांबद्दल गुन्हे दाखल करण्यात आले. ज्या गीतात सत्ताधाऱ्यांना धोका दिसतो त्यात आपल्याला जर केवळ गोंगाटच ऐकू येत असेल, तर दोष गीताचा नसून आपल्या कानांचा आहे.

मोबाईलमागील अर्थकारण

आता या साधनाकडे भौतिक दृष्टीने पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर झपाट्याने खाली आले आणि पुढील काही वर्षांत गरीब घरांतील मुलांच्या हातीही मोबाईल आला. परंतु ही समता नव्हे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. शहरात हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १५ टक्के होते. ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे १०० मध्ये ५ देखील नव्हती. आणि दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा सारे शिक्षण याच पायावर उभे करण्यात आले. एका मोबाईलवर तीन भावंडांनी पाळीपाळीने शिकावे, आणि पाळी बहुधा मुलीची चुकावी, हे त्या काळात आपण सर्वांनी पाहिले आहे.

तेव्हापासून विद्यार्थ्याला मोबाईल ही चैन राहिलेली नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, पुस्तके, नोकरीची जाहिरात आणि घरची खबरबात हे सारे त्याच एका चौकटीत आहे. ‘तो मोबाईल ठेव बाजूला’ असे त्याला सांगणारा कार्यकर्ता आपण काय बोलत आहोत हे जाणत नाही.

त्याच चौकटीत भांडवलही बसलेले आहे. या कंपन्यांना विद्यार्थ्याचे लक्ष जाहिरातदारांना विकून पैसा मिळतो. म्हणून त्याला जास्तीत जास्त वेळ खिळवून ठेवणे हा त्यांचा धंदा आहे. रात्र रात्र जागून रील तयार करणारा मुलगा त्यांच्यासाठी बहुतेक वेळा बिनपगारी माल उत्पन्न करीत असतो. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांनी कित्येक विद्यार्थ्यांची फीची रक्कम गिळली. संसदेने असे खेळ बंद करणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण झालेली कर्जे त्याने फिटलेली नाहीत. शिकता शिकता दुचाकीवरून पार्सले पोहोचविणारा तरुण आज प्रत्येक शहरात दिसतो. नीती आयोगाच्याच २०२२ च्या अहवालाने अशा तऱ्हेच्या कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज केला होता. यांतील अनेकांचा मुकादम म्हणजे मोबाईलवरील एक ॲप आहे. विद्यार्थ्यांचा ‘डिजिटल छंद’ असे आपण ज्याला म्हणतो त्यात वेतन, कर्ज, नफा आणि शोषण हे आपले जुनेच विषय भरलेले आहेत.

लोकशाही हक्काचाही प्रश्न त्यात आहे. केरळातील कोझिकोड जिल्ह्यात मुलींच्या एका वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० मोबाईल वापरण्यास मनाई होती. एका विद्यार्थिनीने हा नियम मानण्याचे नाकारले. तिला वसतिगृहातून काढण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य करून तिला परत घेण्याचा आदेश दिला. एका अठरा वर्षांच्या आसपासच्या मुलीला या प्रश्नाचे जे स्वरूप कळले ते आपल्या किती समित्यांनी ओळखले होते?

परक्याच्या जागेवर घर

यावरून काही साथी दुसऱ्या टोकाला जातात. सर्व काम मोबाईलवर करावे, बैठका आणि मोर्चे यांचा काळ संपला, असे ते म्हणतात. ही चूक पहिलीइतकीच मोठी आहे.

दिल्लीच्या सीमेवरील शेतकरी आंदोलनाचे उदाहरण घ्या. त्यात पंजाबच्या लोकप्रिय गायकांनी गीते रचली, तरुणांनी आंदोलनाची बाजू जगापुढे मांडली. परंतु डिसेंबर २०२० मध्ये आंदोलनाचे फेसबुकवरील पान काही तासांसाठी बंद पडले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यातील दोन अतिशय गाजलेली गीते यूट्यूबवरून हटविण्यात आली. जागा परक्याची असली की घर केव्हाही मोडले जाऊ शकते. तथापि आंदोलन मोडले नाही, कारण त्याचे मूळ घर ट्रॉल्यांत, लंगरांत आणि गावोगावच्या शेतकरी संघटनांत होते. ध्यानात घ्या, त्याच डिसेंबरमध्ये तेथील तरुणांनी ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे छापील पत्र काढले. मोबाईल सराईतपणे हाताळणाऱ्या पिढीने कागदाची गरज स्वतः ओळखली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्याची घोषणा झाली ती या सर्व साधनांच्या आणि त्यांमागील संघटनेच्या बळावर.

आपल्या घरचे उदाहरण मार्च २०१८ चे आहे. नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे मुंबईच्या तरुणांनी मोबाईलवर पाहिली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून मोर्चा शेवटचे अंतर रात्री चालला, ही बातमीही तेथूनच पसरली. पहाटे पाणी, खाद्यपदार्थ आणि चपला घेऊन जे तरुण रस्त्यावर उभे राहिले त्यांना कोणी पत्रक दिले नव्हते. तो मोर्चा आपल्या चळवळीच्या अभिमानाचा विषय आहे. पण त्या पहाटे आलेल्या तरुणांपैकी किती जणांना पुढील महिन्यात आपण भेटलो? चित्र पाहून माणूस हलतो. टिकतो मात्र त्याच्याकडे कोणीतरी जाऊन बसते तेव्हा.

काय करावयाचे?

पहिली गोष्ट, आधी ऐकावयाचे. ४ जून २०२४ रोजी नीट परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाल्याचे पाहून विद्यार्थ्यांनीच मोबाईलवर गुण ताडून पाहण्यास आणि शंका मांडण्यास सुरुवात केली. संघटना रस्त्यावर आल्या त्या नंतर. त्याच महिन्यात १८ तारखेला झालेली यूजीसी-नेट परीक्षा दुसऱ्या दिवशी रद्द झाली. असा असंतोष प्रथम कोठे उमटतो हे ज्याला माहीत नाही तो नेहमी उशिरा पोहोचतो.

दुसरी गोष्ट, जबाबदारी सोपवावयाची. भित्तिपत्रक, चित्रफीत, गीत यांचे काम ज्या मुलामुलींना येते त्यांना मागण्या ठरविण्याच्या बैठकीतही बसवा. आधी आपण मजकूर ठरवायचा आणि मग त्यांनी तो सजवायचा, ही पद्धत सोडून द्या. लेनिनने १९१६ साली युवक संघटनांविषयी लिहिताना तरुण पिढी समाजवादाकडे आपल्या वडिलांच्या वाटेने येणार नाही, निराळ्या वाटेने येईल, असे सांगितले होते आणि त्यांच्या संघटनात्मक स्वातंत्र्याचा आग्रह धरला होता. त्यांच्या चुकांबाबत धीर धरावा, पण त्यांची खुशामत करू नये, हेही त्याने त्याच वेळी सांगितले.

तिसरी गोष्ट, खुशामत टाळावयाची. रॅपमध्ये बाईला हिणविणारे शब्द येतात, मीममध्ये जातीवरून टवाळी होते, द्वेष पसरविणारे खोटे संदेश पुढे ढकलले जातात. तेथे गप्प बसणे म्हणजे विद्यार्थ्यांच्या मागे फरफटत जाणे होय. मित्र म्हणून समोर बसून वाद घाला. आपल्याकडून पडताळणी न केलेला एकही मजकूर जाता कामा नये. आणि कोणत्याही मुलीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून प्रसिद्ध होता कामा नये.

चौथी गोष्ट भाषेची. बडोद्यातील किंवा इंदुरातील मराठी घरातला मुलगा गुजरातीत, हिंदीत, मराठीत असा एका दमात बोलतो, गातो. त्याची भाषा दुरुस्त करण्यापासून ओळखीला सुरुवात करू नका. आपले मुद्दे त्याला कळतील अशा शब्दांत सांगणे ही आपली जबाबदारी आहे. मात्र मुद्दे पातळ करू नका. तीन मिनिटांच्या गीताने प्रश्न उभा राहतो. त्याचे कारण समजण्यासाठी वाचनच करावे लागते. गच्चीवरच पाच-सहा जणांचे वाचनमंडळ होऊ शकते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, प्रत्येक ओळखीचा शेवट प्रत्यक्ष भेटीत झाला पाहिजे. संदेशाने बहिष्कार सुरू होतो. तो टिकविण्यासाठी खोलीवार प्रतिनिधी, पालकांना भेटणारी तुकडी, निधी आणि वाटाघाटीची समिती लागते. हे आपल्याला येते. ते आपण त्यांना नम्रपणे दिले पाहिजे.

साथींनो, गच्चीवर गाणारा तो मुलगा मला गेल्या वर्षी पुण्यात भेटला. पाठीवर पार्सलची पेटी होती. शिक्षण सोडून गेलेल्या तिघांपैकी एक तोच होता. मी त्याची माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, “सर, तुम्ही मला गाणं म्हणायला बोलावलं होतं. माझं म्हणणं काय आहे, ते कोणी विचारलंच नाही.” मग त्याने मला आपल्याबरोबर काम करणाऱ्या मुलांनी ॲपच्या दरकपातीविरुद्ध रचलेले एक गीत ऐकविले. या खेपेस मी भाषण केले नाही. त्यांची बैठक कोठे आणि किती वाजता भरते एवढेच विचारले, आणि गेलो. आता दर रविवारी जातो. अजून मोठे यश आलेले नाही. दरकपातही मागे घेतली गेलेली नाही. पण पस्तीस नावांची यादी तयार आहे, आणि मागण्यांचा मसुदा त्यांनीच लिहिलेला आहे.

आपण परत गेल्यावर प्रत्येक शाखेने एक वसतिगृह, एक महाविद्यालय किंवा एक वस्ती निवडावी. पहिला महिनाभर तेथे भाषण करू नये. तेथील मुले-मुली काय गातात, काय पाहतात, कशावर हसतात, कोणाचे पैसे देणे लागतात, हे लिहून आणावे. तीन महिन्यांनी आपण पुन्हा भेटू तेव्हा अहवालात मोबाईलविषयीची तक्रार नसावी. भेटलेल्या विद्यार्थ्यांची संख्या असावी, आणि त्यांचे म्हणणे काय आहे ते असावे.